जेमा गिबन्स आणि दोन पावलांमधली जागा

२ ऑगस्ट २०१२. लंडन ऑलिंपिकमधली महिला ज्युदोच्या ७८ किलो गटाची उपांत्य लढत. ठरलेला वेळ संपला तरी निकाल लागेना, म्हणून जादा वेळ सुरू झाला. यात जिचा पहिला गुण, तिची लढत. एकीकडे फ्रान्सची ओद्रे च्युमेओ, आदल्या वर्षीची जगज्जेती. दुसरीकडे यजमानांची जेमा गिबन्स, जागतिक क्रमवारीत ४२वी. बघता बघता च्युमेओचे पाय चटईवरून सुटले आणि ती पाठीवर आदळली. इप्पोन! आपल्या आखाड्याच्या भाषेत, चीतपट.

गिबन्स मुळात या गटातली नव्हे. आधी ती ७० किलोत खेळायची. ज्युदोत बरेच जण याच्या उलटे करतात. पाणी तोडून, घाम गाळून वजन उतरवतात आणि खालच्या गटात शिरतात. पण घामावाटे जाते ते चरबीपेक्षा पाणी जास्त. रक्तातला द्रव कमी झाला की तेवढ्याच कामाला हृदयाला जास्त ठोके मारावे लागतात. गिबन्सने वरची वाट धरली, म्हणजे आपल्यापेक्षा धिप्पाड बायकांशी झुंजायचे पत्करले. मग त्यांना उचलायचे कसे?

खरे तर उचलायचे नसतेच. घरात एक गंमत करून बघा. भिंतीला टाचा आणि पाठ टेकून उभे राहा आणि गुडघे न वाकवता पायाचे अंगठे धरायचा प्रयत्न करा. पुढे कोलमडाल. एरवी वाकताना आपण नकळत कंबर मागे नेतो. इथे भिंत ती जाऊ देत नाही. शरीराचा गुरुत्वमध्य उभे असताना साधारण बेंबीच्या खाली असतो. त्यातून सरळ खाली सोडलेला ओळंबा दोन पावलांनी घेरलेल्या जागेत पडतो, तोवर माणूस उभा. ओळंबा त्या जागेबाहेर गेला की वजन ७० असो वा १००, पडायचे नसेल तर पाऊल टाकावेच लागते. ज्युदोपटू नेमके तेच पाऊल अडवतो.

१८८२ साली टोकियोत कोदोकान ही शाळा काढणाऱ्या जिगोरो कानो यांनी डावाचे तीन टप्पे सांगितले. आधी तोल ढळवायचा, मग आपले अंग जागेवर आणायचे, मग फेकायचे. पहिल्या टप्प्याला जपानीत कुझुशी म्हणतात. समोरचीला ढकलले की ती प्रतिक्षिप्तपणे उलट ढकलते. त्याच क्षणी ढकलणे सोडून ओढले, तर तिचेच बळ तिला पुढे नेते. ताकद लागत नाही असे मी म्हणणार नाही. ते ज्युदोविषयीचे लाडके खोटे आहे. ताकद लागते, पण योग्य पाव सेकंदात.

इटालियन भौतिकशास्त्रज्ञ अत्तिलिओ साक्रिपांती यांनी ज्युदोच्या फेकींचे दोन प्रकार पाडले. पहिला तरफेचा. आपली कंबर किंवा पाठ हा टेकू, समोरचीचे शरीर ही तरफ. आपला धोबीपछाड याच कुळातला. दुसरा बलयुग्माचा. हातांनी वरचे अंग एका दिशेला, पायाने खालचे अंग उलट दिशेला. गाडीचे स्टिअरिंग दोन्ही हातांनी फिरवावे तसे शरीर स्वतःभोवतीच फिरते. तरफेत टेकू समोरचीच्या गुरुत्वमध्याखाली न्यावा लागतो, म्हणून बुटक्या खेळाडूला ते सोपे. बलयुग्मात ती अट नाही, त्यामुळे उंच खेळाडूंना ते मानवते.

हे सगळे करायचे ते समोरचीच्या जाड सुती जाकिटाला धरून, आणि खरी दमणूक तिथेच होते. मूठ सतत आवळलेली असली की ताठरलेले स्नायू स्वतःच्याच रक्तवाहिन्या दाबतात. ताजे रक्त पोचत नाही आणि मनगटापासून कोपरापर्यंतचा हात दगडासारखा होतो. जादा वेळेत बोटे सैलावतात आणि ज्या पकडीने इतका वेळ डाव रोखलेला असतो तीच सुटते.

पडणेही शिकावे लागते. ७८ किलोंचे शरीर एक मीटरवरून पडले तर ताशी सुमारे १६ किलोमीटर वेगाने, ७६० ज्यूल ऊर्जा घेऊन चटईवर येते. हनुवटी छातीशी घेऊन हाताने चटईवर सपकन थाप मारायची. मार एका हाडावर न बसता दंड-पाठ-मांडीवर पसरतो. नवख्यांना आधी हेच घोटवतात.

च्युमेओला फेकल्यावर गिबन्सने वर पाहिले आणि ओठ हलवले, ‘आय लव्ह यू, मम’. तिला ज्युदोकडे नेणारी तिची आई जॅनेट २००४ मध्ये रक्ताच्या कर्करोगाने गेली होती. चटईच्या कडेला प्रशिक्षक होती केट हाउई. १९९२ मध्ये बार्सिलोनात महिला ज्युदो प्रथमच पदकांचा खेळ झाला, तेव्हा हिने कांस्य मिळवले. १९९७ ची जगज्जेती आणि २००० मध्ये सिडनीत रौप्य. त्यानंतर १२ वर्षे ब्रिटनला ज्युदोत ऑलिंपिक पदक नव्हते.

अंतिम फेरीत अमेरिकेच्या कायला हॅरिसनने गिबन्सला हरवले, तेही इप्पोनशिवाय, दोन छोट्या गुणांवर. सिडनीत हाउईही अंतिम फेरीतच हरली होती. गुरू-शिष्या दोघींकडे आता एकेक रौप्य.