‘बुटके जास्त जगतात’ हे गणित कुठे फसतं

रोज पहाटे पर्वती चढणाऱ्या ऐंशीच्या आजोबांची उंची मोजली, तर कॉलेजात जाणाऱ्या नातवापेक्षा ती बहुधा कमीच भरेल. यावरून ‘बुटकी माणसं जास्त जगतात’ असं कुणी म्हटलं तर पटणार नाही. पण या दाव्याचा बराचसा पाया असल्याच तुलनेवर उभा आहे.

अमेरिकेतले संशोधक थॉमस समारस यांनी हा दावा वर्षानुवर्षं नेटानं लावून धरला. १९९२ च्या त्यांच्या लेखात मृतांच्या नोंदी होत्या: उंची किती, मृत्यूच्या वेळी वय किती. खोट इथेच आहे. १९९० सालची मृतांची यादी घ्या. १९०० साली जन्मलेला माणूस तिच्यात नव्वदीचा म्हणून येतो. १९५० साली जन्मलेला आला तर चाळिशीचाच असणार. त्याच्या बरोबरीचे, आणखी चाळीस वर्षं जगणारे उंच लोक त्या यादीत नसतातच. दर पिढीला उंची वाढत गेलेली असली की यादीत म्हातारे बुटके आणि अकाली गेलेले उंच दिसणारच. त्यात तिशी ते सत्तरीदरम्यान पुरुष साधारण ३ सेंमी आणि बायका ५ सेंमी खुजे होतात. बायका-पुरुष एकत्र मोजले तर आणखी घोळ, कारण बायका बुटक्याही असतात आणि जगतातही जास्त.

योग्य रीत अशी: जिवंतपणी उंची मोजायची, जन्मवर्ष, लिंग, धूम्रपान यांचा हिशेब वेगळा ठेवायचा आणि मग वर्षानुवर्षं वाट बघायची. नॉर्वेत वालर यांनी १९८४ मध्ये सुमारे १८ लाख लोकांची अशी आकडेवारी मांडली; उंचांचे मृत्यू कमी निघाले. २०१२ मध्ये दहा लाखांवर लोकांचे अभ्यास एकत्र केले, तेव्हा दर ६.५ सेंमी उंचीमागे एकूण मृत्यूचा धोका ३ टक्के कमी, हृदय-रक्तवाहिन्यांच्या आजारांचा ६ टक्के कमी, पण कर्करोगाचा ४ टक्के जास्त आढळला. होनोलुलूतल्या सुमारे आठ हजार जपानी वंशाच्या पुरुषांचा अभ्यास मात्र याच रीतीचा, आणि त्यात बुटके जास्त जगले. तो झटकून टाकता येत नाही.

आपल्याकडे हा दावा पसरणं जास्त घातक आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या अभ्यासात आसपासच्या खेड्यांतली बाळं जन्मतः सरासरी २.७ किलोची होती, इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनची ३.५ किलोची. वजनाला कमी, तरी चरबी टिकवून धरलेली. पुढच्या मधुमेहाची ती पूर्वतयारी असू शकते. उंची खुंटण्यामागे आपल्याकडे बहुतेकदा कुपोषण आणि वरचेवरची आजारपणं असतात. ‘चणच लहान आहे, उलट जास्त जगेल’ म्हणून मूल सोडून देऊ नका. अंगणवाडीत मोजून घ्या: दोन वर्षांखाली झोपवून, त्यानंतर उभं करून, टाचा आणि डोकं फळीला टेकवून.