ला प्लाटाच्या दोन काठांवरची भाऊबंदकी

फुटबॉलच्या पहिल्या विश्वचषकाचा अंतिम सामना सुरू होण्याआधीच अडला, आणि तोही चेंडूवरून. अर्जेंटिनाने आपला चेंडू आणला होता, उरुग्वेने आपला. दोन्ही चामड्याचे, हाताने शिवलेले, तोंडाशी वादी ओवून आवळलेले. दुसऱ्याच्या चेंडूने खेळायला दोघेही तयार होईनात. शेवटी बेल्जियमचे पंच जॉन लँगेनस यांनी तोड काढली: मध्यंतरापर्यंत एकाचा चेंडू, मध्यंतरानंतर दुसऱ्याचा. पहिली पाळी अर्जेंटिनाच्या चेंडूला मिळाली आणि मध्यंतराला अर्जेंटिना २-१ ने पुढे होता. मग चेंडू बदलला आणि उरुग्वेने सामना ४-२ असा जिंकला.

ही गोष्ट बहुतेक वेळा गंमत म्हणून सांगितली जाते. मला ती तशी वाटत नाही. परक्याशी माणूस असा भांडत नाही. एकाच वाड्यात वाढलेले, एकाच विहिरीचं पाणी प्यायलेले चुलत भाऊ बांधावरून हटून बसतात, तशातली ही गत. आपल्याकडे त्याला नेमका शब्द आहे: भाऊबंदकी. ३० जुलै १९३० ला मोंतेविदेओत जे घडलं ते समजून घ्यायचं, तर बरंच मागे जावं लागतं.

ब्युनोस आयर्स आणि मोंतेविदेओ ही दोन शहरं रिओ दे ला प्लाटा या समुद्रासारख्या पसरलेल्या नदीमुखाच्या दोन काठांवर आहेत. मधलं अंतर साधारण दोनशे किलोमीटर. त्या काळी रात्री बोटीत बसलं की सकाळी पलीकडे. भाषा एक, बोलण्याचा हेलही जवळपास एक. टँगो दोन्हीकडचा, माळरानावरची गुरंढोरं दोन्हीकडची, आणि तुंब्यात भिजवलेला ‘माते’चा कडवट पाला धातूच्या नळीने ओढत गप्पा मारायची सवयही दोन्हीकडची. स्पॅनिश अमलात हा सारा मुलूख एकाच सुभ्यात होता. पुढे पूर्वेच्या काठावर हक्क कुणाचा यावरून ब्युनोस आयर्स आणि ब्राझील १८२५ पासून तीन वर्षं लढले. ब्रिटिशांनी मध्यस्थी केली आणि १८२८ साली दोघांच्या मध्ये उरुग्वे हे वेगळं राष्ट्र उभं राहिलं. त्याच्या पहिल्या राज्यघटनेची शपथ १८ जुलै १८३० ला घेतली गेली. ही तारीख ध्यानात असू द्या.

फुटबॉल दोन्हीकडे इंग्रजांबरोबर आला. ब्युनोस आयर्समध्ये अलेक्झांडर वॉटसन हटन या स्कॉटिश शिक्षकाने शाळेतल्या मुलांना तो लावला आणि १८९३ मध्ये लीग उभी केली. मोंतेविदेओत रेल्वेच्या इंग्रज नोकरदारांनी १८९१ मध्ये आपला क्लब काढला, तोच पुढे पेन्यारोल म्हणून नावारूपाला आला. (त्याच १८९१ साली आपल्या मुंबईत रोव्हर्स कप सुरू झाला, फरक इतकाच, की इथे सुरुवातीला मैदान ब्रिटिश पलटणींचं होतं.) ला प्लाटाच्या काठी मात्र हा खेळ बघता बघता साहेबांच्या हातून निसटला आणि बंदरातल्या, खाटीकखान्यांतल्या, गल्ल्यांतल्या पोरांचा झाला.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच हे दोन देश एकमेकांशी खेळू लागले. चहाचे व्यापारी सर थॉमस लिप्टन यांनी १९०५ साली दोघांमध्ये एक करंडक ठेवला, त्याची अट अशी की संघात त्याच मातीत जन्मलेले खेळाडू हवेत. मग सामन्यांची रीघच लागली. वर्षातून एकदा नव्हे, कित्येकदा. १९१६ मध्ये अर्जेंटिनाच्या स्वातंत्र्याच्या शताब्दीनिमित्त ब्युनोस आयर्समध्ये दक्षिण अमेरिकेची पहिली अजिंक्यपद स्पर्धा भरली. शेवटची गाठ अर्थातच या दोघांची. मैदानात मावेना इतकी गर्दी झाली, सामना थांबवावा लागला, संतापलेल्या लोकांनी लाकडी स्टँड पेटवून दिले. दुसऱ्या मैदानावर तो पुन्हा खेळवला तेव्हा ०-० अशी बरोबरी झाली आणि गुणांत पुढे असल्याने विजेतेपद उरुग्वेने नेलं. यजमानाच्या घरच्या कार्यात धाकट्याने मान पटकावला, असं ते झालं.

तरी १९२४ पर्यंत हे घरातलं भांडण होतं. त्या वर्षी उरुग्वेचा संघ पॅरिस ऑलिंपिकला गेला आणि त्याने युरोपला थक्क केलं. छोटे पास, शांत डोकं, आणि होसे लिआंद्रो आंद्रादे नावाचा कृष्णवर्णीय हाफबॅक, ज्याचा खेळ बघायला पॅरिसकर लोटले. अंतिम सामन्यात स्वित्झर्लंडचा ३-० असा पाडाव झाला. अर्जेंटिनाने त्या ऑलिंपिकला फुटबॉल संघ पाठवलाच नव्हता. साऱ्या जगाने शेजाऱ्याला डोक्यावर घेतलं आणि आपण घरी बसून राहिलो, हे ब्युनोस आयर्सला झोंबलं. ‘आम्ही असतो तर’ हे वाक्य तिथून सुरू झालं.

म्हणून घाईघाईने दोन सामने ठरले. मोंतेविदेओतला १-१ बरोबरीत सुटला. ब्युनोस आयर्समधल्या सामन्याला लोक थेट मैदानातच उतरले आणि खेळ थांबला. चार दिवसांनी, २ ऑक्टोबर १९२४ ला, तो पुन्हा घ्यायचा ठरला, तेव्हा मैदानाभोवती तारेची जाळी ठोकून घेतली होती. त्या दिवशी अर्जेंटिनाच्या सेसारेओ ओन्सारीने कॉर्नरवरून मारलेला चेंडू कुणाचाही पाय न लागता वळत थेट जाळ्यात गेला. असा गोल ग्राह्य धरावा हा नियम जेमतेम काही महिन्यांपूर्वी झाला होता. ऑलिंपिक विजेत्यांवर झालेला गोल म्हणून लोकांनी त्याला नाव दिलं ‘ऑलिंपिक गोल’. स्पॅनिश बोलणाऱ्या जगात कॉर्नरवरून थेट झालेल्या गोलला आजही तेच म्हणतात, आणि मैदानाभोवतीच्या तारेलाही ‘ऑलिंपिक कुंपण’ हेच नाव पडलं. सामना २-१ असा अर्जेंटिनाच्या बाजूने असताना प्रेक्षकांतून दगड येऊ लागले. उरुग्वेच्या खेळाडूंनी तेच दगड उलट भिरकावले आणि वेळ संपायच्या आत मैदान सोडलं.

महिन्याभरात मोंतेविदेओतल्या दक्षिण अमेरिकन स्पर्धेत दोघे पुन्हा भिडले. सामना ०-० सुटला, पण रात्री अर्जेंटिनाचा संघ उतरलेल्या हॉटेलबाहेर बाचाबाची झाली आणि गोळी लागून उरुग्वेचा एक चाहता प्राणाला मुकला. मला १९३० चा इतिहास वाचताना ही घटना सर्वांत महत्त्वाची वाटते. त्या अंतिम सामन्याच्या दिवशी फाटकापाशी लोकांची झडती का घेतली, याचं उत्तर इथे आहे.

१९२८ च्या ॲमस्टरडॅम ऑलिंपिकला अर्जेंटिना पूर्ण तयारीनिशी गेला. अमेरिकेला ११-२, बेल्जियमला ६-३, इजिप्तला ६-०. आणि अंतिम फेरीत समोर कोण, तर नदीपलीकडचा शेजारी. घरापासून इतक्या दूर येऊन गाठ पडली ती एकमेकांशीच! पहिला सामना १-१ असा सुटला. तीन दिवसांनी, १३ जूनला, तो पुन्हा झाला. ब्युनोस आयर्समध्ये वर्तमानपत्रांच्या कचेऱ्यांबाहेर रस्ते भरून लोक उभे होते, तारेने येणारी बातमी भोंग्यावरून ऐकत. उरुग्वे २-१ ने जिंकला. पुढच्याच वर्षी ब्युनोस आयर्समधल्या दक्षिण अमेरिकन स्पर्धेत अर्जेंटिनाने उरुग्वेला २-० ने हरवून थोडी भरपाई केली. दोन्हीकडे आपणच खरे श्रेष्ठ असं मानायला पुरेसं कारण होतं.

मे १९२९ मध्ये बार्सिलोनात फिफाची बैठक झाली आणि पहिला विश्वचषक उरुग्वेला मिळाला. दोन ऑलिंपिक सुवर्णपदकं होतीच, शिवाय पाहुण्या संघांचा प्रवास आणि राहण्याचा खर्च उचलण्याची तयारी त्याने दाखवली होती. आणि १८ जुलै १९३० ला राज्यघटनेची शंभर वर्षं भरत होती. सारा देश वीस लाखांच्या आतला, ब्युनोस आयर्स शहराचीच वस्ती त्याहून मोठी. पण इभ्रतीचा प्रश्न होता. वास्तुविशारद हुआन आंतोनिओ स्कासो यांच्या आराखड्यावर सेंतेनारिओ, म्हणजे शताब्दी, स्टेडियम आठ-नऊ महिन्यांत उभं राहिलं. पावसाने काम रेंगाळलं, स्पर्धेचे पहिले सामने क्लबांच्या मैदानांवर उरकावे लागले, आणि बरोबर १८ जुलैला पेरूविरुद्धच्या सामन्याने दारं उघडली. तिथल्या स्टँडची नावं बघा: एकाचं कोलोम्ब, म्हणजे पॅरिस ऑलिंपिकचं मैदान, दुसऱ्याचं ॲमस्टरडॅम. अर्जेंटिनाच्या चाहत्याने कुठेही बसायचं म्हटलं तरी जुनी जखम समोरच.

युरोपातून चारच संघ आले. स्पर्धेचा तपशील बाजूला ठेवू. उपांत्य फेरीत अर्जेंटिनाने अमेरिकेला आणि उरुग्वेने युगोस्लाव्हियाला, दोघांनीही ६-१ असंच हरवलं. अंतिम सामन्यासाठी ब्युनोस आयर्सहून बोटी भरभरून निघाल्या, पण नदीवर दाट धुकं पडलं आणि कित्येकांना सामना गाठताच आला नाही. लँगेनस यांनी आपल्या सुरक्षेची हमी मागून घेतली आणि सामना संपताच परतीची बोट गाठता येईल अशी सोय करायला लावली. अर्जेंटिनाचा कणा असलेल्या लुईस मोंटीला जिवे मारण्याच्या धमक्या आल्या होत्या. त्या दिवशी तो नेहमीसारखा खेळला नाही.

१२ व्या मिनिटाला डोराडोने उरुग्वेचं खातं उघडलं. पेउसेले आणि स्टाबिले यांनी मध्यंतरापूर्वी बाजी उलटवली; स्टाबिलेचा गोल ऑफसाइड होता म्हणून उरुग्वेचा कर्णधार नासासी पंचांशी वाद घालत राहिला. मध्यंतरानंतर सेआ, इरियार्ते, आणि अगदी शेवटी कास्त्रो. हा एक्तोर कास्त्रो पोरवयात विजेच्या करवतीत उजवा हात कोपरापासून गमावलेला. स्टेडियम खुलं झालं त्या दिवशीचा एकमेव गोल त्याचाच होता आणि विश्वचषकावर मोहोर उमटवणारा गोलही त्याचाच.

दुसऱ्या दिवशी उरुग्वेत सार्वजनिक सुट्टी जाहीर झाली. ब्युनोस आयर्समध्ये जमावाने उरुग्वेच्या वकिलातीवर दगडफेक केली आणि दोन्ही फुटबॉल संघटनांनी परस्परांशी संबंध तोडले. सप्टेंबरमध्ये अर्जेंटिनात लष्कराने सत्ता घेतली आणि लोकांपुढे दुसरे प्रश्न उभे राहिले. मोंटी इटलीला गेला, तिथला नागरिक झाला आणि १९३४ चा विश्वचषक इटलीकडून जिंकला. त्या अंतिम सामन्यातला शेवटपर्यंत हयात राहिलेला खेळाडू अर्जेंटिनाचा फ्रान्सिस्को वाराल्यो. तो दुखऱ्या गुडघ्यानिशी खेळला होता. २०१० मध्ये, वयाची शंभरी गाठून तो गेला.

संबंध पुढे सांधले गेले, तुटले, पुन्हा सांधले गेले. ३१ ऑगस्ट २०१७ ला सेंतेनारिओवर हेच दोन संघ विश्वचषक पात्रतेसाठी आमनेसामने आले. सामन्याआधी उरुग्वेचा लुईस सुआरेझ आणि अर्जेंटिनाचा लिओनेल मेस्सी शेजारी शेजारी उभे राहिले. एकाच्या छातीवर २० हा आकडा, दुसऱ्याच्या छातीवर ३०. शताब्दीचा विश्वचषक आम्हाला दोघांना मिळून द्या, असं ते मागत होते. सामना ०-० सुटला.