'सिगारेटचा कायदा दिल्लीचा, नगरपालिका काय करणार?'

चहाच्या टपरीवर हमखास ऐकू येणारं हे वाक्य अर्धंच खरं. २००३चा कोटपा, म्हणजे सिगारेट आणि इतर तंबाखूजन्य पदार्थांबाबतचा कायदा, केंद्राचाच. पण तो राबवायचा तो गल्लीतच.

शाळेपासून १०० यार्डांच्या आत, म्हणजे साधारण ९१ मीटरमध्ये, तंबाखूविक्री बंद. हे अंतर फाटकापासून पावलं मोजून धरायचं नाही. कुंपणाच्या बाहेरच्या हद्दीपासून चहूबाजूंनी सरळ रेषेत मोजायचं. म्हणजे मागच्या बोळातली, वळसा घालून लांब वाटणारी टपरीही त्यात सापडते. ती टपरी फुटपाथवर असेल तर हलवणं नगरपालिकेच्याच हातात.

सार्वजनिक ठिकाणी सिगारेट ओढणाऱ्याला दंड फक्त पोलीसच करतात, हाही गैरसमज. २००८च्या नियमांनुसार आपापल्या आवारात मुख्याध्यापक, पोस्टमास्तर, स्टेशनमास्तरही २०० रुपयांपर्यंत दंड करू शकतात. (किती मुख्याध्यापकांना हे ठाऊक आहे, देव जाणे!)

शिवाय तंबाखू विकणाऱ्यांना स्थानिक संस्थांनी परवाना लावावा आणि त्याच दुकानात चॉकलेट-बिस्किटं विकू देऊ नयेत, असं केंद्रीय आरोग्य मंत्रालयानं २०१७मध्येच राज्यांना सुचवलं. गोळी घ्यायला आलेल्या पोराच्या नाकासमोर सिगारेटचं पाकीट नको, एवढा साधा हिशेब.