फिल्टर काढल्याशिवाय तेजोमेघ टिपता येत नाहीत?

‘डीएसएलआर कॅमेरा उघडून सेन्सरवरचा फिल्टर काढल्याशिवाय तेजोमेघांचे (अवकाशातल्या वायू-धुळीच्या ढगांचे) फोटो येतच नाहीत,’ हा मेसेज वर्षानुवर्षं फिरतोय. तसं नाही. तो फिल्टर हायड्रोजनचा 656 नॅनोमीटरचा लाल प्रकाश बराचसा अडवतो, पूर्ण नाही. त्यामुळे लाल तेजोमेघ फिके येतात, हे खरं. पण कृत्तिकेभोवतीची निळी धूसरता म्हणजे ताऱ्यांचा परावर्तित प्रकाश. तिथे फिल्टर फारसा आड येत नाही.

पडताळायचंय? जानेवारीतल्या अमावास्येला, गावच्या दिव्यांपासून दूर, ट्रायपॉडवर 50 मिमी लेन्स लावून मृग नक्षत्राचे 5-5 सेकंदांचे शंभर फोटो घ्या आणि सॉफ्टवेअरमध्ये एकमेकांवर रचा. मृगातला तेजोमेघ गुलाबीसर उमटतो. स्क्रू काढण्याआधी एवढं कराच. कारण कॅमेरा उघडणं धोक्याचं आहे: तो बंद असतानाही फ्लॅशच्या कपॅसिटरमध्ये सुमारे 300 व्होल्ट साठलेले असू शकतात.