अटल पेन्शन : माणूस गेला की पैसे बुडतात?

साठीपर्यंत हप्ते भरायचे आणि नंतर दरमहा ठरलेली पेन्शन घ्यायची, अशी ही सरकारची अटल पेन्शन योजना. ‘साठीआधी मेलो तर पैसे सरकारजमा’, हे तिच्याबद्दल २०१५ पासून ऐकू येतंय. साफ खोटं आहे. खातेदार साठीआधी गेला, तर जोडीदार जमा रक्कम काढू शकतो किंवा हप्ते पुढे चालू ठेवू शकतो. साठीनंतर गेला, तर तेवढीच पेन्शन जोडीदाराला हयातभर. दोघांनंतर वारसाला एकरकमी; दरमहा ५,००० रुपयांच्या पेन्शनला सुमारे साडेआठ लाख.

घोळ होतो तो नोंदींत. लग्नाआधी खातं उघडलेलं असतं, वारस म्हणून आईचं नाव. लग्नानंतर बँकेत जाऊन जोडीदाराचं नाव नोंदवायलाच हवं. कृपा करून हे टाळू नका.