चिनी भाषेत 'संकट' म्हणजे 'धोका + संधी'? नाही हो!

लॉकडाऊनमध्ये तर हे फॉरवर्ड रोज यायचं, की चिनी भाषेत संकटाला 'वेइजी' म्हणतात, त्यातलं 'वेइ' म्हणजे धोका आणि 'जी' म्हणजे संधी. १९५९ साली जॉन केनेडींनीही (पुढे अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष झाले ते) भाषणात हेच सांगितलं होतं, त्यामुळे लोकांना ते खरंच वाटतं. पण अर्धंच बरोबर आहे. 'वेइ' म्हणजे धोका, हे ठीक. 'जी' मात्र एकटं संधी नाही, इथे त्याचा अर्थ निर्णायक क्षण, जिथून गोष्टी कुठेही वळू शकतात असा, म्हणजे वेइजी हा धोक्याचा क्षण, बास. संधीला चिनीत 'जीह्वेइ' म्हणतात, त्यात दुसरं अक्षर जोडल्यावर तो अर्थ येतो. तेच 'जी' विमानाच्या 'फेइजी' या शब्दातही आहे, तिथे त्याचा अर्थ यंत्र.

आपलंच बघा ना, संधी म्हणजे मुळात सांधा, जोड. चान्स हा अर्थ आहेच, पण संधिवातातली संधी म्हणजे गुडघ्यासारखा सांधा, आणि संधिप्रकाशातली म्हणजे दिवस-रात्र जिथे भेटतात ती वेळ. आजीच्या सुजलेल्या गुडघ्यात कुणी चान्स शोधत नाही, मग दुसऱ्यांच्या भाषेचे असे तुकडे का करायचे? नोकरी गेलेल्या माणसाला हा मेसेज पाठवण्याआधी फोन करून विचारपूस करा, प्लीज.