ट्रायकोडर्मा (कोकणातील वापर)

ट्रायकोडर्मा ही जमिनीत वाढणारी हिरवट बुरशी. मुळे व कंद कुजवणाऱ्या रोगकारकांना ती आवर घालते, म्हणून शेतकरी तिला मित्रबुरशी म्हणतात. या प्रजातीचे नामकरण बुरशीशास्त्रज्ञ पर्सून यांनी 1794 मध्ये केले. ती दुसऱ्या बुरशीला वेटोळे घालून तिच्यावर जगते, हे शास्त्रज्ञ वाइंडलिंग यांनी 1932 मध्ये दाखवून दिले.

कोकणात तिचे मोल पावसाळ्यात कळते. आगरात नारळ-पोफळीवर चढवलेल्या मिरीवेलाच्या बुडाशी पाणी तुंबले की फायटोफ्थोरा कॅप्सिसी हा सूक्ष्म रोगकारक मुळात शिरतो. पाने काळवंडून गळतात आणि वर्षानुवर्षे जपलेला वेल थोड्या दिवसांत उभा वाळतो. आले-हळदीचे गड्डे पिथियम या तशाच रोगकारकामुळे मऊ पडून कुजतात. हे दोघेही बुरशीसारखे दिसले तरी खऱ्या बुरशा नव्हेत. त्यांच्या पेशीभित्तीत प्रामुख्याने सेल्युलोज व ग्लुकान असते. ट्रायकोडर्मा हे दोन्ही विरघळवणारी विकरे (एन्झाइम) सोडते. शिवाय ती मुळांभोवतीची जागा व अन्न आधीच बळकावते आणि झाडाची स्वतःची प्रतिकारशक्तीही जागी करते. जांभ्याची आम्ल जमीन तिला मानवते. उणीव असते ती सेंद्रिय अंशाची.

म्हणूनच ट्रायकोडर्माची नुसती पावडर आळ्यात भुरभुरणे व्यर्थ आहे. साधारण 1 किलो पावडर 100 किलो चांगल्या कुजलेल्या शेणखतात मिसळून, ओल राखून, सावलीत झाकून ठेवावी व अधूनमधून ढीग चाळवावा. आठवडाभरात खतात बुरशी भरपूर वाढते. हे खत पावसाच्या तोंडावर, जमिनीत ओल असताना आळ्यात मिसळतात. आल्याच्या बेण्यालाही लागवडीपूर्वी ती चोळतात. पाकीट घेताना उत्पादनाची तारीख पाहावी आणि ते उन्हात ठेवू नये, कारण आत जिवंत बीजाणू असतात.

ती रोग येण्याआधीची राखण आहे. बुडापासून कुजलेला वेल तिने परत येत नाही. तो मुळांसकट काढून नष्ट करावा लागतो. पाण्याचा निचरा होण्यासाठी चर काढले नसतील, तर भर पावसात तिचाही इलाज चालत नाही. पोफळीची फळे कुजवून गळवणारा कोळेरोग उंचावरच्या घडांवर येतो, तिथे जमिनीतली ही बुरशी पोहोचत नाही. त्यासाठी मोरचूद व चुन्याचे 1 टक्का बोर्डो मिश्रणच फवारतात. मात्र त्यातला मोरचूद बुरशीला मारक असल्याने, हे मिश्रण ठिबकून पडेल त्या आळ्यात त्याच सुमारास ट्रायकोडर्मा घालू नये.